निरीक्षण कक्ष

सिस्टरने डावा दंड हातात धरला आणि माणिक दचकली. सुई अजून ट्रेमध्येच होती. "काकी, हात सैल सोडा, एकदम ढिला," सिस्टर म्हणाली. तिच्या हातात निळा हातमोजा होता आणि त्या पातळ रबरातून तिच्या बोटांची ऊब दंडाला कळत होती. वर्ष उलटून गेलं होतं, घराबाहेरच्या कुणा माणसाचा हात अंगाला लागला नव्हता. बांगडीवाली मूठ दाबून दाबून बांगडी चढवायची, बसमध्ये शेजारची बाई डुलकी लागून खांद्यावर कलंडायची, देवळाच्या रांगेत मागची कुणी पाठीला हात लावून पुढे सरकवायची. असल्या गोष्टींना कधी कुणी स्पर्श म्हटलं होतं का? मागच्या मार्चमध्ये ते सगळं एकाएकी थांबलं, आणि थांबलं होतं हेसुद्धा माणिकला आत्ता कळत होतं, मरोळच्या पालिकेच्या केंद्रात, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्यावर. एवढ्याशा गोष्टीने रडू यावं याची तिला लाज वाटली, आणि तोंडावर मास्क आहे याचं बरं वाटलं.

"देवी टोचलेल्या दिसतायत," दंडावरचे दोन गोल वण बघत सिस्टर म्हणाली. "मग घाबरता कसल्या? तुम्ही तर जुन्या खेळाडू."

तिने कुपी उचलली. अंगठ्याएवढी काचेची कुपी, मानेला पत्र्याची पट्टी, आत करड्या रबराचं बूच. सिस्टरने ती उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली आणि माणिकचे डोळे आपोआप बारीक झाले. मान किंचित उजवीकडे झुकली. ती काहीच करत नव्हती, जे काय चाललं होतं ते डोळ्यांचं चाललं होतं. तळाशी काही फिरतंय का, वर काही तरंगतंय का, काचेला आतून केसासारखं काही चिकटलंय का. किती वर्षं झाली, या डोळ्यांनी टीव्हीच्या मालिका बघितल्या, तांदळातले खडे बघितले, नवऱ्याचं आजारपण बघितलं, सुनेचा मूड बघितला. पण असं बघणं त्यांच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. ते विसरले असतील असंच तिला वाटत होतं.

"काकी, तिकडे बघा. सुईकडे नका बघू."

"सुईकडे नाही बघत," माणिक म्हणाली, आणि तेवढ्यात ते होऊनही गेलं.

पुढच्या हॉलच्या दारावर 'निरीक्षण कक्ष' असा कागद चिकटवला होता. आत लांब लांब ठेवलेल्या खुर्च्या, मधल्या खुर्च्यांवर चिकटपट्टीची फुली, वर करकरणारे पंखे. लस टोचून झालेली माणसं अर्धा तास इथे बसत होती, कुणाला काही होतंय का ते बघायला. दाराशी एक मुलगी येणाऱ्या प्रत्येकाला खुर्ची दाखवत होती. माणिक बसली. दोन खुर्च्या सोडून बसलेल्या आजोबांनी तिला विचारलं, "काय होतंय का तुम्हाला?" ती म्हणाली, "नाही. तुम्हाला?" "मला पण नाही." मग दोघंही काही व्हायची वाट बघत बसली.

सौरभ बाहेर गाडीत होता. बिचारा आठवडाभर लशीच्या नोंदणीसाठी फोन हातात घेऊन बसला होता. बोरिवलीत जागा नाही, कांदिवलीत नाही, उघडली की डोळ्यांदेखत भरून जाते. आणि काल नाश्त्याच्या वेळी एकदम ओरडला, "आई, मिळाली! मरोळला. जरा लांब आहे, पण घेऊन टाकू." सुनेने, श्वेताने, टाळ्या वाजवल्या. माणिकच्या हातातला पोह्यांचा घास हातातच राहिला. मरोळ. सौरभच्या लेखी मरोळ म्हणजे विमानतळाकडे जाताना लागणारा ट्रॅफिक. आई लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं कुठल्याशा कंपनीत होती एवढंच त्याला माहीत. कुठल्या, कशाची, हे त्याने विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. सांगायचं तर कुठून सुरू करायचं?

गिरण्या बंद पडल्या त्या वर्षापासून सुरू करावं लागलं असतं. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप लांबला तसे ते आईला आणि धाकट्यांना घेऊन मालवणकडे गावी गेले, आणि माणिक अंधेरीला मामाकडे राहिली. मामाच्या ओळखीने मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधाच्या कंपनीत लागली. इंजेक्शनं बनायची तिथे. पहिल्या दिवशी तिला एका काळोख्या खोलीत नेलं. आत ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर एक ट्यूबलाइट, ट्यूबमागे अर्धा बोर्ड काळा आणि अर्धा पांढरा, आणि प्रत्येक टेबलाशी डोक्याला पांढरी टोपी घातलेली एक बाई. बायका बाटल्यांच्या माना बोटांत धरून गर्रकन फिरवत होत्या, उलट्या करत होत्या, बघत होत्या, बाजूला ठेवत होत्या. आवाज फक्त काचेचा, किणकिण किणकिण. माणिकला वाटलं, आपण देवघरात आलो. या खात्याला सगळे 'ऑप्टिकल' म्हणायचे. औषधातला पांढरा कण काळ्या बोर्डावर दिसतो, काळा पांढऱ्यावर. शिकायचं एवढंच. पण एवढं शिकायला डोळ्यांना महिना लागायचा, आणि तोवर घरी जाताना रस्ता, आकाश, मामीचं तोंड, सगळ्यावर कण तरंगताना दिसायचे.

शेजारच्या टेबलाशी शकु बसायची. सांगलीकडून आलेली, माणिकपेक्षा वर्षाने मोठी, नुकतं लग्न झालेली. पहिल्याच दिवशी मान न वळवता तिने विचारलं होतं, "नाव काय गं तुझं?"

"माणिक."

"माणिक? मग तू इकडं काय करतीस, बाटल्या बघत? सोनाराकडं जा की." आणि हातातली बाटली तशीच फिरवत राहिली. माणिक हसली, हसताना तिच्या हातून एक बाटली निसटली, फुटली, आणि केतनभाई सुपरवायझर धावत आले. शकु तशीच मान न वळवता म्हणाली, "माझ्या कोपराचा धक्का लागला, साहेब." हे असं सुरू झालं.

जेवणाच्या खोलीत पहिले काही महिने बायका आपापल्या गावच्या टेबलांवर बसत. 'गाव' हा तिथे सभ्यपणाने वापरायचा शब्द होता, त्याच्या आत काय आहे ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकदा माणिक मामीने दिलेली सुक्या बांगड्याची चटणी घेऊन सरळ शकुच्या टेबलाशी जाऊन बसली. तिने काही ठरवलं बिरवलं नव्हतं, शकुशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुरं करायचं होतं. शकुने चटणी चाखली, डोळे मिटले आणि म्हणाली, "माणके, उद्यापासून तू भाकरी आणू नकोस. भाकरी माझी, चटणी तुझी." पुढे ते टेबल इतकं भरलं की दुसरं जोडावं लागलं. दिवाळीत सगळ्यांचा फराळ त्यावर एकत्र ओतला जायचा. चौदा एप्रिलला शकु पांढरी साडी नेसून यायची आणि सगळ्यांना गोड बुंदी वाटायची. गणपतीनंतर माणिकच्या मामीचे मोदक असायचे. शकु मालवणीची नक्कल करायची, "काय गो बाय, खंय चललंस?" आणि ती इतकी वाईट करायची की माणिकच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मग बाटल्या धूसर दिसायच्या, आणि शकु हळूच आपल्या ट्रेमधून तपासलेल्या चार बाटल्या माणिकच्या ट्रेमध्ये सरकवायची, तिचं काम मागे पडू नये म्हणून.

किती हसायच्या त्या! आता निरीक्षण कक्षात करकरणाऱ्या पंख्याखाली बसून माणिकला वाटलं, आयुष्यातलं निम्मं हसणं त्या काळोख्या खोलीत झालं. बाहेर इस्टेटच्या रस्त्यावर बदामाची झाडं होती, संध्याकाळी सुटी झाली की शकुचा नवरा भाऊराव झाडाखाली टेम्पो लावून उभा असायचा. काळासावळा, बारीक मिशीचा, कमी बोलणारा. शकुला पुढे बसवायचा आणि माणिकला म्हणायचा, "वैनी, तुम्ही पण बसा, स्टेशनला सोडतो." माणिकचं तेव्हा लग्न व्हायचं होतं, तरी तो तिला वैनीच म्हणायचा. विचारलं तर म्हणायचा, "कधीतरी होणारच ना कुणाची तरी." मग माणिकचं झालं, चंद्रप्रकाशशी. भाऊरावने टेम्पोतून तिची ट्रंक आणि पितळेची भांडी सासरी पोचवली आणि जेवायला बसायचा आग्रह झाल्यावर "गाडी उभी आहे" म्हणून निघून गेला. शकुला धम्मपाल झाला, माणिकला सौरभ झाला. कंपनी वापीला गेली. शेवटच्या दिवशी बायकांनी ट्यूबलाइट बंद केल्या तर खोली ओळखूच येईना, साधी कळकट खोली. मग कोण शिवणकामाला लागलं, कोण घरी बसलं. बोरिवलीला राहायला गेल्यावर मरोळला जाणं वर्षातून एकदा झालं, मग दोन-तीन वर्षांतून. धम्मपालच्या लग्नात गेली होती ती शेवटची. नंतर कधीतरी जुना मोबाइल बिघडला आणि त्याच्याबरोबर शकुचा नंबर गेला. नंबर गेला म्हणून मैत्रीण गेली, असं कुणाला सांगितलं तर खरं वाटेल? पण तसंच झालं होतं.

"आजी, झाला तुमचा अर्धा तास," दाराशी बसलेली मुलगी म्हणाली. "काही त्रास?"

"नाही," माणिक म्हणाली. पण उठताना तिचे पाय नेहमीपेक्षा जलद उठले.

सौरभने गाडी सुरू केली होती. "चक्कर वगैरे? पाणी पी. हात सॅनिटाइज कर आधी."

"सौरभ, मला इथे जवळ एका मैत्रिणीकडे जायचंय. पाइपलाइनकडच्या चाळीत."

"आत्ता? आई, वेडी आहेस का? पहिला डोस घेतला म्हणजे लगेच काही होत नाही. आणि चाळीत? केसेस बघतेस ना किती वाढल्यात."

"आत नाही जात. दारातून बघून येते."

"फोन कर ना तिला."

"नंबर असता तर केला नसता?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. वर्षभर ती या मुलाचं सगळं ऐकत आली होती. दुधाची पिशवी धुतली, वर्तमानपत्र बंद केलं, खोलीच्या बाहेरसुद्धा विचारून आली. तो जे करत होता ते मायेने करत होता, यात तिला शंका नव्हती. त्या मायेच्या आत बसून बसून आपण काचेच्या बाटलीतल्या औषधासारखे झालोय, स्वच्छ आणि बूच लावलेले, असं मात्र तिला अधूनमधून वाटायचं. सौरभने तिच्याकडे बघितलं आणि गाडी पाइपलाइनच्या दिशेने वळवली.

इस्टेटचा रस्ता लागला. कंपनीच्या जागी निळ्या काचांची इमारत होती. बदामाची झाडं दोनच उरली होती. चाळीची गल्ली मात्र तशीच, फक्त वर आणखी एक मजला चढलेला. जिना चढून गेल्यावर गॅलरीत शकुचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि मध्ये एक स्टूल आडवं ठेवलेलं होतं. आतून आवाज आला, "कोण पायजे?"

"शके, मी."

"मी कोण? मास्क काढ."

माणिकने दोन पावलं मागे जाऊन मास्क खाली ओढला. आत हालचाल झाली. "माणके!" शकु स्टुलापर्यंत आली आणि थांबली. केस पूर्ण पांढरे झाले होते आणि अंग निम्म्यावर आलं होतं. "आत नको येऊस. मी कुणाला आत घेत नाय." तिच्या मागे भिंतीवर बुद्धांची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, आणि त्यांच्याखाली एक नवी, प्लास्टिकच्या फुलांचा हार घातलेली. बारीक मिशी. माणिक बघतच राहिली.

"गेल्या जूनमधे," शकु म्हणाली. "तुला कळवायचं तर कुठं कळवू?"

माणिक दाराबाहेर गॅलरीच्या कठड्याला टेकली आणि शकु आत स्टुलावर. मधे हातभर अंतर. शकुने सांगितलं ते सपाट आवाजात सांगितलं, पुष्कळदा मनात सांगून झालेलं असावं तसं. भाऊरावला ताप आला. दुसऱ्या दिवशी खोकला. धम्मपालने पालिकेला फोन केला, करायलाच हवा होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, त्यांचे डोळेसुद्धा दिसत नव्हते. सगळी गल्ली खिडक्यांत उभी. गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधला. "चालत गेला गं माणके. स्वतःच्या पायांनी. अँब्युलन्सपाशी गेला आणि मागं वळून मला म्हणतो, 'शकु, दूध उतू जाईल बघ.' मी गॅसवर ठेवलं होतं ना. मी आत पळाले. गॅस बंद केला, बाहेर आले तर दार लावून गाडी वळली पण. दुधाच्या नादात मी त्याला चढताना बघितलं नाय. नंतर एकदा फोनवर आवाज ऐकला. आणि मग धम्मपालला लांबून दाखवलं, बांधलेलं. ते कोण होतं कुणास ठाऊक."

माणिकला चंद्रप्रकाश आठवला. तो घरच्या पलंगावर गेला होता, तिच्या हातात हात देऊन, उशाशी मुलगा, पायाशी भाऊ. तेव्हा तिला वाटलं होतं याहून मोठं दुःख नाही. आता तिला ते श्रीमंतीचं मरण वाटलं. तिने हात पुढे केला, शकुने तो बघितला आणि आपले हात पदरात घेतले.

"लस घेतलीस?" माणिकने विचारलं.

"नाय घेणार. धम्मपाल रोज मागं लागतो. मला सुईचं भय नाय, आपण आयुष्यभर सुईचंच औषध बघितलं. पण लशीनं ताप येतो म्हणतात." तिने मागच्या तसबिरीकडे बघितलं नाही, पण तिची पाठ बघत होती. "ह्या घरात आता ताप नको."

सौरभने गाडीचा हॉर्न हळूच वाजवला. माणिकने नंबर घेतला, धम्मपालच्या बायकोकडून, दर्शनाकडून, दोनदा खात्री करून.

त्यानंतर फोन सुरू झाले. दुपारी, घरातली माणसं आपापल्या लॅपटॉपसमोर बसली की माणिक गॅलरीत जायची. लशीचा विषय ती काढत नसे. केतनभाईंचा काढायची. त्यांचा विग एकदा एक्झॉस्ट फॅनला लागला होता तो प्रसंग शकुने सांगितला तेव्हा दोघी इतक्या हसल्या की श्वेता काच सरकवून बघायला आली. कुणाची मुलगी कुठे दिली, कुठली बाई कंपनी बंद झाल्यावर कुठे गेली, खात्यात डोळ्यांच्या तपासणीला आलेला तरुण डॉक्टर कुणाच्या डोळ्यांत जास्त वेळ बघत होता. भाऊरावचं नाव पहिल्यांदा अशाच गप्पांत आलं, टेम्पोतल्या हॉर्नवरून. शकु बोलता बोलता थांबली, मग म्हणाली, "हॉर्न फार घाण होता गं त्याचा," आणि पुढे बोलत राहिली. बाहेर मे महिना भयंकर चालला होता. रोज कुणी ना कुणी ओळखीचं. लस संपल्याच्या बातम्या, वादळाच्या दिवशी सगळी केंद्रं बंद, दुसऱ्या डोसची तारीख पुढे पुढे जाणारी. सौरभ वैतागायचा. माणिकला ती तारीख लांबल्याचं फारसं काही वाटत नव्हतं. तिला दुपार मिळाली होती.

पावसाळा चांगला लागल्यावर एकदा शकुनेच विचारलं, "तुझी दुसरी कधी गं?"

"आता या महिन्यात."

"कुठं?"

"तू म्हणशील तिथे."

"मी येते. पण ताप आला तर तू थांबायचंस. धम्मपालला नाय कळणार. तो लगेच कुणाला तरी फोन करंल."

"थांबते."

"घरी विचार आधी."

"विचारायचं काय त्यात?" माणिक म्हणाली. विचारायचं बरंच होतं, ते तिने नंतर, रात्रीच्या जेवणाआधी, विचारण्याऐवजी सांगून टाकलं. सौरभने चाळीतल्या सार्वजनिक संडासापर्यंत सगळे मुद्दे काढले. श्वेताच मधे पडली. "जाऊ दे रे त्यांना. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी मागतायत."

पहिल्या खेपेला दोघी छत्री घेऊन केंद्रावर गेल्या तर फाटकावर पुठ्ठा लटकत होता, 'आज लस उपलब्ध नाही.' शकु पुठ्ठ्याकडे बघत राहिली. इतक्या महिन्यांनी ती गल्लीबाहेर पडली होती, इस्त्रीची साडी नेसून, केसांना तेल लावून. "बग," ती म्हणाली, "मला नाहीच म्हणतेत." तिच्या आवाजात सुटका होती आणि तिच्याखाली, माणिकला नीट ऐकू आलं, निराशाही होती. "तुला एकटीला नाही, सगळ्या मुंबईला म्हणतायत," माणिक म्हणाली. त्या लगेच घरी गेल्या नाहीत. इस्टेटच्या रस्त्याने हिंडल्या, निळ्या काचांच्या इमारतीसमोर उभ्या राहून आपलं खातं कुठल्या मजल्यावर आलं असतं यावर भांडल्या. वॉचमनने हटकलं तेव्हा शकु म्हणाली, "भाऊ, आमी इथं नोकरीला होतो, तू जन्मायच्या आधी." पुढच्या खेपेला दोघींना टोकन मिळालं. सुई टोचताना शकुने मान वळवली नाही, सिस्टरचं काम नीट बघून घेतलं. अर्धा तास दोघी फुली मारलेली एक खुर्ची मधे ठेवून बसल्या आणि काहीही झालं नाही.

ताप संध्याकाळी आला. आधी शकुने शाल मागितली, मग दातावर दात वाजायला लागले. धम्मपाल कामावरून आला तो दारातच थांबला, फोन हातात, आणि त्याचा चेहरा बघून माणिकला कळलं की तो आत्ता मागच्या वर्षीच्या जूनमध्ये उभा आहे. "मावशी, डॉक्टरला फोन करू?"

"गोळी दिलीय. केंद्रावर सांगितलं होतं असं होईल. तू जेवून घे, बाळा."

"खिडकी लाव," शकु पुटपुटली. "दार लाव. कुणाला सांगू नको ताप हाय म्हणून. तेजलला कळलं तर सगळ्या चाळीला कळंल." तेजल शेजारच्या खोलीतली, दिवसभर गॅलरीत असायची. माणिकने खिडकी लावली, पण दार लावलं नाही. पातेल्यात पाणी घेऊन ती ओल्या रुमालाची घडी शकुच्या कपाळावर ठेवत राहिली. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. तिच्या स्वतःच्याही अंगात कणकण होती. शकुने डोळे उघडले. "माणके, मला न्यायला आले तर?"

"कोण येतंय?"

"ते. पांढरे."

माणिकने भिंतीशी गुंडाळून ठेवलेली चटई घेतली, उंबऱ्याला लागून आडवी पसरली आणि तिच्यावर बसली. "मी दारात बसलेय. माझ्यावरून जावं लागेल."

शकु तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा हळूहळू मोडला. ती रडायला लागली. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग आवाज आला, लांब, खालून कुठून तरी ओढून काढलेला, बाईच्या तोंडून येतो तसा नव्हेच. धम्मपाल स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठ करून उभा राहिला आणि त्याचेही खांदे हलायला लागले. दर्शना त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. वर्षभर या घरात कुणी असं रडलं नव्हतं, हे माणिकला कुणी सांगायला नको होतं. तिने कुणालाच गप्प केलं नाही. उठून शकुचा हात मात्र धरला, या वेळी शकुने तो पदरात घेतला नाही. हात भाजत होता. माणिकने तो गालाला लावला, मास्क कधी उतरला होता ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

उजाडताना कधीतरी माणिकचा डोळा लागला. जाग आली ती भांड्याच्या आवाजाने. गादी रिकामी होती. चादर घामाने ओली होती, आणि शकु मोरीशी उभी राहून तोंडावर पाणी मारत होती. माणिक उठली, तिच्या मानेला मागून हात लावला. थंडगार. साध्या माणसाच्या मानेसारखी मान.

"भूक लागली," शकु म्हणाली.

बाहेर पाणी आलं होतं, चाळीत बादल्यांची धावपळ सुरू झाली होती. गॅलरीतून तेजलचा आवाज आला. दबलेला, चौकशीचा, थोडा घाबरलेला. "शकुमावशी? काल रडण्याचा आवाज येत होता. घरात कुणाला ताप आहे का?"

धम्मपालने आईकडे बघितलं. माणिकही उत्तर द्यायला पुढे सरली. पण शकुने ओले हात लुगड्याला पुसले, सुटलेल्या केसांनिशी तशीच चटई ओलांडून गॅलरीत गेली आणि कठड्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. पाणी भरणाऱ्या बायका थांबून वर बघायला लागल्या.

"होता," शकु त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली. "मलाच होता. चांगला सणसणून आला होता. उतरला."

खालून कुणीतरी "बरं झालं, मावशी" म्हणालं आणि नळाखाली पुन्हा बादल्या लागल्या. शकु उन्हात उभीच होती. आत माणिकने चटई झटकली, गुंडाळून भिंतीला लावली आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.